वजन, वेळ आणि लाखेचे सील : अमली पदार्थांच्या खटल्यात बचाव कसा उभा राहतो

मुलाला पोलिसांनी उचलले असे कळल्यावर घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, ‘जामीन कधी होईल?’ चोरी, मारामारी किंवा फसवणुकीच्या गुन्ह्यात वकील या प्रश्नाचे अंदाजाने का होईना उत्तर देतो. अमली पदार्थांच्या गुन्ह्यात मात्र तो आधी उलट विचारतो, की पंचनाम्यात माल कोणता आणि वजन किती लिहिले आहे. आरोपीचे वय, शिक्षण, घरची परिस्थिती, पाटी कोरी असणे, या सगळ्यांच्या आधी तो आकडा येतो. कारण १९८५ च्या ‘गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियमा’त, म्हणजे पोलीस ठाण्यापासून न्यायालयापर्यंत सगळे ज्याला ‘एनडीपीएस’ म्हणतात त्या कायद्यात, शिक्षा, जामीन आणि दोषारोपपत्राची मुदत या तिन्ही गोष्टी त्या आकड्याला बांधलेल्या आहेत.

२००१ साली या कायद्यात दुरुस्ती होऊन शिक्षेच्या पायऱ्या ठरल्या : अल्प प्रमाण, व्यापारी प्रमाण आणि या दोहोंच्या मधले प्रमाण. गांजा एक किलोच्या आत असेल तर अल्प, वीस किलोच्या वर गेला तर व्यापारी. चरसासाठी हीच सीमा १०० ग्रॅम आणि १ किलो, हेरॉइनसाठी ५ ग्रॅम आणि २५० ग्रॅम, कोकेनसाठी २ ग्रॅम आणि १०० ग्रॅम अशी आहे. महाराष्ट्रात गेली काही वर्षे ज्याच्या बातम्या सतत येतात तो ‘एमडी’, म्हणजे मेफेड्रोन, २ ग्रॅमच्या आत अल्प आणि ५० ग्रॅमच्या पुढे व्यापारी ठरतो. अल्प प्रमाणाला एक वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, मधल्या प्रमाणाला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड, तर व्यापारी प्रमाणाला किमान दहा आणि कमाल वीस वर्षे सक्तमजुरी आणि एक ते दोन लाख रुपये दंड. यातला ‘किमान’ हा शब्द नीट लक्षात घेतला पाहिजे. आरोपी विशीतला आहे, पहिल्यांदाच सापडला आहे, घरी म्हातारे आईवडील आहेत, हे सगळे न्यायाधीशाला पटले तरी गुन्हा सिद्ध झाल्यावर दहा वर्षांच्या खाली उतरण्याची मुभा त्याला नाही.

म्हणून वजनावरचा वाद हा बचावाचा पहिला टप्पा असतो. त्यातला एक जुना मार्ग आता बंद झाला आहे. पूर्वी असा युक्तिवाद चालत असे, की पुडीत साठ ग्रॅम भुकटी असली तरी त्यात प्रत्यक्ष अमली द्रव्य पाचच ग्रॅम आहे आणि बाकी भेसळ आहे, तेव्हा पाच ग्रॅमच धरा. ‘हीरा सिंग’ प्रकरणात एप्रिल २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने हा मार्ग बंद केला आणि भेसळीसकट संपूर्ण मिश्रणाचे वजन धरायचे असे ठरवले. गांजाचे मात्र वेगळे आहे. कायद्याच्या व्याख्येत गांजा म्हणजे भांगेच्या झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळधारणेचे शेंडे, आणि शेंडे सोबत नसतील तर पाने आणि बिया त्यातून वगळलेल्या आहेत. प्रत्यक्षात पोलीस गोणी उचलून काट्यावर ठेवतात. तिच्यात देठ असतात, पाने असतात, बिया असतात, ओल असते, आणि कित्येकदा गोणीचे स्वतःचे वजनही त्याच आकड्यात मिसळलेले असते. पंचनाम्यात साडेएकवीस किलो लिहिले असेल आणि शेंडे वेगळे करून मोजलेच नसतील, तर हा माल खरोखर वीस किलोच्या पुढे जातो का, ही शंका अगदी रास्त आहे, आणि मुंबई उच्च न्यायालयाने अशा शंकेवर जामीन दिल्याची उदाहरणे आहेत.

आता जामिनाकडे वळू. कलम ३७ व्यापारी प्रमाणाला आणि काही ठरावीक कलमांना लागू होते. त्यानुसार सरकारी वकिलांनी विरोध केला, तर आरोपी दोषी नाही असे मानायला वाजवी आधार आहे आणि जामिनावर असताना तो पुन्हा गुन्हा करणार नाही, अशा दोन्ही बाबतींत न्यायालयाचे समाधान झाल्याशिवाय जामीन देता येत नाही. साक्षीपुरावा सुरू होण्याआधीच ‘दोषी नाही’ असे वाटायला लावणे किती अवघड आहे, हे सांगायला वकील असण्याची गरज नाही. मधल्या किंवा अल्प प्रमाणाच्या प्रकरणांत ही अट नसते आणि जामिनाचा विचार नेहमीच्या निकषांवर होतो.

याच कारणाने दोषारोपपत्राकडे पाहताना आधी कलमे वाचावीत. अल्प प्रमाणाच्या प्रकरणातही कलम २७-अ, म्हणजे अवैध व्यापाराला पैसा पुरवणे किंवा त्यात गुंतलेल्याला आसरा देणे, हे कलम जोडले गेले की कलम ३७ ची भिंत उभी राहते. २०२० मधल्या एका गाजलेल्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने जामीन देताना स्पष्ट केले, की एखाद्याच्या स्वतःच्या सेवनासाठी पैसे दिले म्हणून अवैध व्यापाराला वित्तपुरवठा केला असा अर्थ होत नाही.

कलम ३७ ची भिंत असली तरी दोन दारे उरतात. पहिले दार दिवसांच्या हिशेबाचे आहे. व्यापारी प्रमाणाच्या गुन्ह्यात तपास यंत्रणेला दोषारोपपत्र दाखल करायला १८० दिवस मिळतात, आणि सरकारी वकिलांनी तपासाची प्रगती व कोठडी वाढवण्याची नेमकी कारणे सांगणारा स्वतःचा अहवाल दिला तरच ही मुदत एक वर्षापर्यंत वाढू शकते. तपास अधिकाऱ्याच्या पत्रावर नुसती सही करून ते पुढे ढकलणे म्हणजे असा अहवाल नव्हे, आणि मुदतवाढीच्या सुनावणीला आरोपीला हजर ठेवून कल्पना देणे आवश्यक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितले आहे. मुदत टळली आणि दोषारोपपत्र आले नसेल, तर जामीन हा आरोपीचा हक्क ठरतो. पण तो आपोआप हातात पडत नाही, दोषारोपपत्र दाखल होण्याच्या आत अर्ज करावा लागतो. हा अर्ज एका दिवसाने चुकल्यामुळे माणसे पुढची कित्येक वर्षे कारागृहात काढतात. घरातल्या कोणीतरी अटकेनंतर पहिल्यांदा न्यायालयात हजर केल्याची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावी, एवढे साधे काम इथे मोठ्या युक्तिवादाइतके मोलाचे आहे. दुसरे दार विलंबाचे आहे. खटला वर्षानुवर्षे रेंगाळला तर घटनेच्या अनुच्छेद २१ मधले स्वातंत्र्य कलम ३७ च्या अटींखाली गाडले जाऊ शकत नाही, ही भूमिका सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ च्या ‘मोहम्मद मुस्लिम’ निकालात घेतली. त्यातला आरोपी सात वर्षांहून अधिक काळ आत होता.

सामान्य फौजदारी खटल्यात आरोपीला निर्दोष समजून सुरुवात होते. या कायद्यातली कलमे ३५ आणि ५४ मात्र उलट दिशेने गृहीत धरतात : माल तुमच्या ताब्यात सापडला आणि त्याचा समाधानकारक खुलासा तुम्ही देऊ शकला नाहीत, तर गुन्हा तुम्ही केला आणि त्यामागचा हेतूही तुमचाच, असे मानता येते. हे वाचून अनेकांना वाटते की आता लढण्यासारखे काही राहिलेच नाही. तसे नाही. ‘नूर आगा’ प्रकरणात २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही कलमे घटनेला धरून असल्याचे मान्य केले, पण त्याच वेळी सांगितले की मूळ तथ्ये आधी सरकार पक्षाने सिद्ध केली पाहिजेत. झडती कायद्याप्रमाणे झाली, माल आरोपीच्याच ताब्यातून मिळाला, आणि जो मिळाला तोच प्रयोगशाळेत पोहोचला, एवढे उभे राहिल्याखेरीज आरोपीवर काहीही सिद्ध करण्याची पाळी येत नाही.

‘ताबा’ हा शब्दही वरवर दिसतो तितका सोपा नाही. कायद्याला हवा असतो तो जाणीवपूर्वक ताबा, म्हणजे वस्तू आपल्या नियंत्रणात आहे आणि ती काय आहे हे माहीत असणे. एका खोलीत चार विद्यार्थी राहतात आणि माळ्यावरच्या एका बॅगेत चरस सापडतो. ती बॅग कोणाची, कुलूप होते का, किल्ली कोणाजवळ होती, आत कोणाचे कपडे किंवा ओळखपत्र होते, हे प्रश्न विचारल्याशिवाय चौघांनाही ताब्याचे आरोपी करता येणार नाही. ट्रकचालकाचे उदाहरण याहून नाजूक आहे. कांद्याच्या पोत्यांखाली दडवलेला गांजा त्याला माहीत होता की नव्हता, हे भाड्याची पावती, माल कोणी भरला, ठरलेला मार्ग त्याने बदलला होता का, भाडे नेहमीपेक्षा किती जास्त मिळणार होते, अशा तपशिलांवरून ठरते. केवळ ‘मला माहीत नव्हते’ असे म्हणून भागत नाही, आणि हा खुलासा दाखवणारी कागदपत्रे जितकी लवकर जमवावीत तितकी ती टिकतात, कारण वाहतूकदाराच्या कार्यालयातली पावती आणि टोलनाक्यावरचे चित्रण दोन वर्षांनी मिळत नाही. जप्त वाहनाच्या निर्दोष मालकासाठी दिलासा हा की खटला चालू असताना वाहन अटींवर परत मिळू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितले आहे.

आता प्रत्यक्ष झडती. समजा, पोलिसांना खबर मिळाली की अमुक एका घरात एमडी आहे. कलम ४२ सांगते की ही खबर लेखी नोंदवली पाहिजे, तिची प्रत ७२ तासांच्या आत वरिष्ठ अधिकाऱ्याकडे गेली पाहिजे, आणि सूर्यास्तानंतर वॉरंटशिवाय आत शिरायचे असेल तर वॉरंट आणायला थांबलो तर माल किंवा आरोपी निसटेल असे का वाटले, त्याची कारणे आधी लिहून ठेवली पाहिजेत. घाईत आधी नोंद करता आली नाही तर नंतर समाधानकारक खुलाशासह ती केलेली चालते, पण नोंद मुळीच नसणे चालत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने, म्हणजे पाच न्यायमूर्तींच्या पीठाने, २००९ च्या ‘कर्नेल सिंग’ निकालात ठरवले. सार्वजनिक जागी, म्हणजे एसटी स्थानकावर, हॉटेलात किंवा रस्त्यावर, कलम ४३ लागू होते आणि तिथे ही लेखी नोंदीची अट नाही. मग रस्त्यावर उभी असलेली खासगी गाडी? २०२१ मधल्या ‘बूटा सिंग’ निकालात सर्वोच्च न्यायालयाने अशी गाडी ‘सार्वजनिक जागा’ मानली नाही, कलम ४२ चे पालन झाले नव्हते म्हणून आरोपी निर्दोष सुटले.

कलम ५० अंगझडतीसाठी आहे. झडतीआधी अधिकाऱ्याने त्या माणसाला सांगायचे असते, की तुम्हाला जवळच्या राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा दंडाधिकाऱ्यासमोर झडती द्यायचा हक्क आहे. हे सांगणे बंधनकारक आहे आणि त्याचे काटेकोर पालन झाले पाहिजे, असे घटनापीठाने २०१० मध्ये ‘विजयसिंह जडेजा’ प्रकरणात ठरवले. ‘तुम्ही माझ्यासमोरही झडती देऊ शकता’ असा तिसरा पर्याय पोलिसाने स्वतःच पुढे करणे किंवा दोन आरोपींना मिळून एकच नोटीस देणे २०१४ च्या ‘परमानंद’ निकालात नापसंत ठरले. स्त्रीची झडती स्त्रीनेच घ्यायची. मात्र हे संरक्षण फक्त शरीराच्या झडतीला आहे, हातातल्या पिशवीला किंवा डिकीला नाही, आणि नवख्या वकिलाचाही इथे घोटाळा होतो. खिशात काहीच मिळाले नाही आणि सगळा माल सॅकमधून निघाला, तर कलम ५० चा आधार घेऊन बचाव उभा करू नये.

अशा मुद्द्यांना लोक ‘पळवाटा’ म्हणतात. मला हा शब्द मान्य नाही. ज्या कायद्यात एक पुडी खिशात टाकून एखाद्याला दहा वर्षे आत पाठवता येते, तिथे ती पुडी खिशात आधीपासून होती याची खात्री देणारी एकमेव गोष्ट म्हणजे झडतीची पद्धत. शिक्षा जितकी कडक तितकी पद्धत काटेकोर, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने तीन दशके पुन्हा पुन्हा मांडले आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ ने तर झडती आणि जप्तीचे ध्वनिचित्रमुद्रणही आवश्यक केले आहे. मोबाइल सगळ्यांच्याच खिशात असतो, तेव्हा चित्रण का नाही, हा प्रश्न उलटतपासणीत विचारलाच पाहिजे.

मुद्देमालाचा प्रवास हा बचावातला सर्वांत बारकाईचा भाग आहे, आणि माझ्या मते सर्वांत दुर्लक्षितही. साक्षीच्या दिवशी न्यायालयात मुद्देमाल उघडला जातो तेव्हा टेबलावर एक तपकिरी पाकीट येते. त्यावर लाल लाखेचे सील असते, दोऱ्याची गाठ असते, आणि एक लेबल असते ज्यावर पंचांच्या सह्या, गुन्हा रजिस्टर क्रमांक आणि ‘ए-१’ अशी खूण असते. आता कागद शेजारी ठेवून वाचायला लागावे. पंचनामा म्हणतो सीलवर पोलीस ठाण्याचा शिक्का होता, प्रयोगशाळेचा अहवाल सीलवर काही अक्षरे होती म्हणतो, ती जुळतात का? पंचनाम्यात नमुना २४ ग्रॅम लिहिला आहे आणि प्रयोगशाळेत साडेएकोणीस ग्रॅम पोहोचला, तर साडेचार ग्रॅम कुठे गेले? पंचनाम्यात ‘पांढरी भुकटी’ आहे आणि अहवालात ‘फिकट तपकिरी खडे’ आहेत, तर ती वस्तू एकच आहे का? मालखान्याच्या नोंदवहीत माल आत घेतल्याची आणि बाहेर काढल्याची नोंद कोणत्या तारखेची आहे, मध्ये चार दिवस तो कुठे होता, सीलचा शिक्का त्या काळात कोणाच्या खिशात होता, आणि कलिन्याच्या न्यायसहायक प्रयोगशाळेत तो घेऊन जाणाऱ्या पोलीस शिपायाची साक्ष नोंदवली गेली का? यातला एकही प्रश्न नाट्यमय नाही. पण ही साखळी तुटली तर प्रयोगशाळेने ज्या पदार्थाला मेफेड्रोन म्हटले तो आरोपीकडूनच आला होता, असे ठामपणे म्हणता येत नाही.

याच साखळीतला मधला दुवा कलम ५२-अ आहे. जप्त मालाची यादी, छायाचित्रे आणि नमुने दंडाधिकाऱ्यासमोर प्रमाणित झाले पाहिजेत. नमुने जागेवरच काढून परस्पर पाठवण्याची जुनी सवय सर्वोच्च न्यायालयाने २०१६ च्या ‘मोहनलाल’ निकालात चुकीची ठरवली आणि २०२३ मध्ये ‘सिमरनजीत सिंग’ प्रकरणात त्याच कारणावरून आरोपीला सोडले. त्यानंतर अनेकांनी ५२-अ चे पालन नाही म्हणजे सुटका नक्की असे धरून चालायला सुरुवात केली. जानेवारी २०२५ च्या ‘भारत आंबाळे’ निकालाने ही समजूत दुरुस्त केली : निव्वळ त्रुटी पुरेशी नाही, त्या त्रुटीमुळे जप्तीबद्दलच शंका निर्माण झाली पाहिजे. फिर्याद देणारा आणि तपास करणारा अधिकारी एकच असणे, या मुद्द्याचेही असेच झाले. २०१८ मध्ये त्यावरून सुटका होत होती, ऑगस्ट २०२० मध्ये घटनापीठाने तेवढ्यावरून खटला कोसळत नाही असे सांगितले. पंच फितूर झाले तरी पोलिसांच्या विश्वासार्ह साक्षीवर शिक्षा होऊ शकते. तेव्हा एकाच चुकीवर सगळी भिस्त ठेवणारा बचाव आज धोक्याचा आहे. वजनातला फरक, सीलचा घोळ, उशिराने गेलेला नमुना आणि चित्रणाचा अभाव अशा गोष्टी एकत्र ठेवून दाखवाव्या लागतात.

बऱ्याच आरोपींकडे काहीच सापडलेले नसते. पकडलेल्या माणसाने कोठडीत नाव घेतले, म्हणून दुसऱ्याला उचलले जाते आणि कलम २९ खाली कटाचा आरोप लागतो, ज्याला मूळ गुन्ह्याइतकीच शिक्षा आहे. इथे २९ ऑक्टोबर २०२० चा ‘तोफान सिंग’ निकाल फार महत्त्वाचा आहे. कलम ६७ खाली तपास अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून वापरता येणार नाही, कारण हे अधिकारी कायद्याच्या दृष्टीने पोलीसच आहेत आणि पोलिसांपुढची कबुली पुरावा ठरत नाही, असे तीनपैकी दोन न्यायमूर्तींनी ठरवले. त्यामुळे नाव घेतले एवढ्यावर खटला उभा राहत नाही. सरकार पक्षाला फोनवरचे संपर्क, बँकेतले किंवा यूपीआयचे व्यवहार, चॅट, भेटीचे पुरावे असे स्वतंत्र काहीतरी दाखवावे लागते, आणि ते दाखवले तर बचावाला त्याचे निर्दोष कारण सांगता आले पाहिजे.

अटकेच्या वेळचे हक्क थोडक्यात. अटकेची कारणे आरोपीला समजणाऱ्या भाषेत लेखी दिली पाहिजेत, आणि तिथल्या तिथे ते शक्य नसेल तर निदान कोठडीच्या सुनावणीआधी दोन तास तरी द्यावीत, असे सर्वोच्च न्यायालयाने ६ नोव्हेंबर २०२५ रोजी महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सर्व गुन्ह्यांसाठी सांगितले. चोवीस तासांत न्यायालयासमोर हजर करणे तर घटनेतच आहे. वकील परवडत नसेल तर कोठडीतल्या कोणालाही, उत्पन्न कितीही असले तरी, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. त्यासाठी १५१०० हा देशभराचा क्रमांक आहे. कोऱ्या कागदावर सही करू नये, आणि घरच्यांनी पहिल्याच दिवशी प्रथम खबरी अहवाल, जप्तीचा पंचनामा आणि रिमांड अर्ज या तिन्हींच्या प्रती वकिलामार्फत मागाव्यात.

शेवटी ज्यांचा विचार या कायद्याच्या चर्चेत सगळ्यात कमी होतो ते, म्हणजे व्यसनात अडकलेले. सेवनाला कलम २७ खाली कोकेन, मॉर्फिन किंवा हेरॉइन असेल तर एक वर्षापर्यंत, इतर पदार्थांना सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. परंतु याच कायद्यात कलम ६४-अ आहे. ज्या व्यसनी व्यक्तीवर सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप आहे, ती स्वेच्छेने सरकारी रुग्णालयात किंवा सरकारमान्य व्यसनमुक्ती केंद्रात उपचार घेत असेल, तर त्या आरोपांवर तिच्यावर खटला चालत नाही. आणि दोष सिद्ध झाल्यानंतरही कलम ३९ खाली न्यायालय आरोपीच्या संमतीने त्याला तुरुंगाऐवजी उपचारासाठी पाठवू शकते. ही कलमे वापरायची तर केंद्र मान्यताप्राप्त आहे ना, हे आधी तपासावे, दाखल झाल्याची तारीख आणि डॉक्टरांची कागदपत्रे सांभाळावीत आणि अर्ज वेळेत न्यायालयासमोर ठेवावा. उपचार अर्धवट सोडले तर कलम ६४-अ चे संरक्षण काढून घेतले जाऊ शकते आणि थांबलेला खटला पुन्हा चालू होतो, हे मुलाला दाखल करतानाच घरच्यांनी त्याला समजावून सांगावे.